अंदाजे

सॅलरी स्लिप नाही म्हटलं
तर बँकेतल्या साहेबानं खुर्ची जराशी मागं सरकवली.
तीन वर्षांचे रिटर्न? नाही.
दुकानाचा दाखला? आहे, ग्रामपंचायतीचा,
पाण्याचा डाग पडला आहे, पण सही वाचता येते.

मग हिंगणघाटच्या एका फायनान्सनं पोरगी पाठवली.
तेजल लांजेवार. पाठीवर लॅपटॉप,
स्कुटीवर आमच्या रस्त्याची अख्खी धूळ.
"दिवसभर बसते काका. धंदा कसा चालते ते पाहते."
बसली. वार्निशच्या वासानं दोनदा शिंकली.
मी पाच एचपीची मोटार भरून राहिलो होतो,
एका खाचेत अठ्ठावन्न वेढे.
वेढे मोजताना मी बोलत नाही.
ती थांबली. मग म्हणे,
"महिन्याचे किती सुटतात?"

आता काय सांगावं.
मोटारी काही महिन्याच्या हिशेबानं जळत नाही.
हरभऱ्याच्या पहिल्या पाण्याले जळतात,
रात्रपाळीची लाइन आली की जळतात,
एक फेज गेली अन् मालक धुऱ्यावर झोपला की जळतात.
मृग लागला की माझ्या दुकानात कुत्रं येऊन निजते.

रजनीनं वही काढून दिली.
तीन एचपी, बावीसशे. दिले पंधराशे. बाकी तूर आल्यावर.
तूर आली होती. डब्यात आहे.
"तूर कोणत्या रकान्यात टाकू?"
पोरीनं खरंच विचारलं,
अन् आम्ही तिघंही त्या स्क्रीनकडे पाहत बसलो.

प्लॉट रजनीच्या नावावर, नमुना आठ तिचा,
म्हणून अर्जात ती पहिली अन् मी सहअर्जदार.
ह्या शब्दावर ती दोन दिवस हसत होती.
"सहअर्जदार, जेवायले या."

शेवटचा प्रश्न तेवढा अडला.
पुढच्या वर्षी धंदा किती वाढेल, अंदाजे?
म्हणजे किती मोटारी जळतील.
कोणाच्या, हे विचारलं नव्हतं तिनं.
पण मले तर चेहरेच दिसून राहिले,
नाल्याकाठचे, टेकाडावरचे,
खांद्यावर मोटार घेऊन दुकानाची पायरी चढणारे.
"दहा टक्के लिहा," ती म्हणे, "सगळे दहाच लिहितात."
लिहिले.

मंजूर झालं. आठ लाख.
हप्ता नऊ हजार आठशे साठ, असे एकशेऐंशी.
तीन खाचा भरून वर सहा वेढे.
सवय आहे म्हणून मोजलं, दुसरं काही नाही.

जोतं भरून झालं आहे.
मातीले पाणी मारतो, संध्याकाळी तिथंच खाट टाकतो.
अजून भिंत नाही, तरी रजनी
स्वयंपाकखोलीच्या दारातूनच आत जाते,
दार जिथं असणार आहे तिथून.

परवा रात्री साडेबाराले लाइन आली.
खांबावरचा बल्ब पिवळा पडला
अन् नाल्यापलीकडून आवाज.
चांगली मोटार गुणगुणते. अडलेली कण्हते.
ही कण्हून राहिली होती, दोन फेजवर.
शेषराव भोयरची. मागच्या साली मीच भरली,
म्हणून किती मिनिटं टिकते
हेही मलेच माहीत.
फोन उशाशीच होता.

लावला. लावला मी फोन.
पण किती वेळ आधी
आभाळाकडे पाहत पडून होतो
ते सांगत नाही.

सकाळी शेषराव आला, काखेत एवढं मोठं कोहळं.
"देवावानी उठवलं गा तुनं," म्हणे,
"हात लावून पाहिला, तव्यासारखी तापली होती."
कोहळं जोत्यावर ठेवून गेला.

रजनी वही घेऊन आली.
"लिहू का हे?"
मी म्हटलं, नको.